सहाव्या मिनिटाला तापणारी बोट

बोट सहाव्या मिनिटाला तापायची. पाचव्या नाही, सातव्या नाही, बरोबर सहाव्या. शाळेची घंटासुद्धा इतकी वक्तशीर नसते, आणि तिला तर वाजवायला पगारी शिपाई असतो.

ही वेळ मोजायचं काम भोंग्याकडे होतं. भोंगा म्हणजे घरातली एकुलती एक मुलगी, इयत्ता नववी. तिचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून इमारतीच्या फाटकापर्यंत विनासायास पोचतो, म्हणून शेजाऱ्यांनी तिचं हे नाव ठेवलं होतं. आधी आधी ती या नावाने रडायची. यंदा मात्र वक्तृत्व स्पर्धेत माईक बंद पडला, आणि तरीही शेवटच्या रांगेला तिचंच एकटीचं भाषण ऐकू गेलं, तेव्हापासून ती स्वतःची ओळखही त्याच नावाने करून देऊ लागली होती. बोटीवर तिची जागा ठरलेली होती: बाबांच्या डाव्या हाताला, तापमानाच्या काट्यासमोर. बाबा सुकाणू धरायचे आणि भोंगा दर मिनिटाला काटा वाचायची. सत्तर. सत्तर. बाहत्तर. एकोणऐंशी. अठ्ठ्याऐंशी. बाबा, गेला. मग एक बारीक किंकाळी मारणारी घंटा, मग वाफ, मग शांतता. त्यानंतर वारा बोटीला हळूहळू ढकलत लव्हाळ्यात नेऊन लावायचा, जिथे दोन बदकं राहत होती. पहिल्या दिवशी ती उडाली होती. आता नुसती सरकून जागा द्यायची.

मुळात बोट कशाला, हे इथेच सांगून टाकायला हवं, कारण पुढे ते विचारायला कुणालाच सवड मिळणार नाही. तळ्यावरचा पूल दुरुस्तीसाठी दीड वर्ष बंद झाला, आणि नेमक्या त्याच आठवड्यात पलीकडच्या काठावरच्या रुग्णालयात आईला मुख्य परिचारिकेची जागा मिळाली. एकोणीस वर्षं तिने ज्या खुर्चीची वाट पाहिली ती खुर्ची. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं. पूल नाही म्हणजे तळ्याला वळसा घालून दोन तास जायला आणि दोन तास यायला. रुग्णालयाने समजूतदारपणे तिथेच एक खोली देऊ केली होती. आठवडाभर खोलीवर राहायचं, रविवारी घरी यायचं. खोलीचा अर्ज शुक्रवार संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

आईने माळ्यावरून निळी बॅग काढली, पुसली, उन्हात ठेवली, आणि बोट घरी आली त्या दिवशी ती बॅग भरून दाराजवळच्या बोळात उभी केली. येता-जाता प्रत्येकाचा गुडघा तिला लागायचा. आई ती हलवत नव्हती आणि बाबांची तिला हात लावायची हिंमत नव्हती. ते तिच्याकडे न बघता, अंग चोरून, मांजरासारखे तिच्या बाजूने जायचे.

तर त्या बॅगेवरचा बाबांचा उपाय म्हणजे ही बोट. साधीसुधी नाही, जेट बोट. साध्या बोटीला मागे पाण्यात पंखा असतो, आणि या तळ्यात इतकं शेवाळ आहे की पंखा दहा हातांवर गुरफटून बसतो. जेट बोटीला बाहेर पंखाच नसतो. ती पोटाखालून पाणी ओढते, मागून जोरात फेकते, आणि सुटते. त्यातलंच थोडं पाणी एका नळीतून इंजिनाकडे जातं आणि त्याला थंड ठेवतं. निदान ठेवायला हवं. आठ मिनिटांत पलीकडचा काठ, असं बाबांनी जेवायच्या टेबलावर जाहीर केलं होतं. आई सकाळचा चहा घरी पिऊन निघेल आणि रात्री घरी जेवेल. काठ आठव्या मिनिटाला आणि वाफ सहाव्या, एवढाच काय तो दोन मिनिटांचा प्रश्न राहिला होता.

बाबा शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राचे प्रमुख. सव्वीस वर्षं ते याच तळ्यातलं पाणी गाळून लोकांच्या नळाला सोडत होते. लोक त्यांना गाळणीसाहेब म्हणायचे आणि बाबा ते नाव पदवीसारखं मिरवायचे. घरात कुठलीही पातळ वस्तू गाळल्याशिवाय पुढे जात नसे. चहा दोनदा गाळला जाई. तेल गाळलं जाई. दुकानातून गाळून आलेला फळांचा रस घरी आल्यावर पुन्हा एकदा, शंका नको म्हणून. आईला द्यायच्या बातम्यासुद्धा बाबा आधी गाळून घेत. बोटीची पहिली चाचणी फसली त्या दिवशी त्यांनी घरी येऊन एवढंच सांगितलं की सुरुवात फार छान झाली.

चाचणीचं प्रकरण असं होतं. तळ्याचं म्हणून एक कार्यालय आहे, आणि त्यात तळ्यापेक्षा जास्त खोल अशी एक फाईल आहे. रोजच्या ये-जा करण्याचा परवाना हवा असेल तर तपासनीस बाईंना बोटीत बसवून पंधरा मिनिटं सलग बोट चालवून दाखवायची. संधी तीन. तिसरी हुकली की वर्षभर अर्ज करायचा नाही. बोट बंद पडली तर फॉर्मातला आठवा रकाना भरायचा, त्याचं शीर्षक ‘बंद पडण्याचे कारण’. अर्जदाराने स्वतःच्या हाताने, तीन प्रतींत, कार्बन न वापरता.

पहिल्या दोन्ही चाचण्या फसल्या, तेव्हा बाबांनी मोत्यासारख्या अक्षरात तीन-तीनदा ‘अज्ञात’ असं लिहून दिलं होतं. त्यावर खिडकीतल्या कारकुनाने त्यांना मायेने समजावलं. कारण माहीत असेल आणि दहा मिनिटांत तिथल्या तिथे दूर केलं, तर तीच चाचणी पुन्हा पहिल्या मिनिटापासून घेता येते, तशी तरतूदच आहे. “पण अज्ञात दूर कसं करणार, साहेब?” असं म्हणून त्याने शिक्का मारला. हा प्रश्न बाबांना इतका लागला की त्या संध्याकाळी त्यांनी चहा एकदाच गाळला.

तिसरी चाचणी शुक्रवारी सकाळी अकराला होती, आणि हाताशी चार दिवस होते.

बोट चाकांच्या गाड्यावर इमारतीच्या अंगणात उभी होती, म्हणजे ती सगळ्या इमारतीची झाली होती. सोमवारी संध्याकाळी बाबांनी अंगणातल्या नळाला रबरी पाइप जोडला, त्याचं दुसरं टोक बोटीच्या नळीला लावलं आणि जमिनीवरच इंजिन सुरू केलं. भोंगा काट्यासमोर बसली. सहावं मिनिट आलं आणि गेलं. दहावं गेलं. विसावं गेलं. चाळिसाव्या मिनिटाला तिसऱ्या मजल्यावरून विचारणा झाली की हा आवाज कायमचा आहे की तात्पुरता. काटा सत्तरवर गाढ झोपला होता. अंगणातली बोट इतकी थंड होती की तिच्यावर हात ठेवून बाबांना भरून आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्यावर नेली. सहावं मिनिट, वाफ, बदकं.

फ्रिज दुरुस्त करणारे काका तळमजल्यावर राहायचे. थंड करण्याचा विषय निघाला की आपल्याला विचारल्याशिवाय कुणी पुढे कसं जातं, हेच त्यांना कळत नसे. त्यांनी बोटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तीन ठिकाणी कान लावला आणि निदान केलं की नळीत हवा अडकली आहे. हवा काढण्यासाठी बोट नाकावर उभी करावी लागेल असं त्यांचं म्हणणं पडलं. सात माणसांनी मिळून ती तिरकी केली. हवा निघाली की नाही माहीत नाही, पण आधीच्या मालकाचं एक पायताण निघालं, आणि बाबांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर गाड्याचं चाक आलं.

रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेले आजोबा समोरच्या बाकावर बसूनच सगळं बघत होते. त्यांचं मत असं की इंजिनाला अपमान सहन होत नाही. एवढी माणसं भोवती उभी राहून त्याचे दोष काढतात, मग ते तापणार नाही तर काय. आम्ही आमच्या इंजिनाशी गोड बोलायचो, ते म्हणाले. बाबा शास्त्रीय विचारांचे असल्यामुळे त्यांनी हे हसून सोडून दिलं, पण बुधवारी पहाटे पाचव्या मिनिटाला त्यांनी सुकाणूवर हळूच थोपटत “शाब्बास, चल बघू,” असं म्हटलेलं भोंग्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. इंजिनाने ऐकून घेतलं आणि ते तापलं.

मग बोटींचा मेस्त्री आला. हा माणूस फार कमी बोलायचा आणि काम करताना तोंडात दोन स्क्रू धरायचा, त्यामुळे जे काही बोलायचा ते पवित्र वाटायचं. त्याने पोटाखालची जाळी काढून शेवाळ झाडलं. थर्मोस्टॅट, म्हणजे तापलं की उघडणारी झडप, उकळत्या पाण्यात टाकून बघितला. तो वेळेवर उघडला. नळ्या फुंकून बघितल्या. काटाच खोटं बोलत असेल म्हणून काटा बदलला. नवा काटाही तेच बोलला. “बोटीत तुम्ही काही बदल केलात का?” त्याने विचारलं. बाबांनी सांगितलं, एका स्क्रूलाही हात लावलेला नाही. आणि ते खोटं बोलत नव्हते, ही खरी गंमत आहे. चष्मा पुसणारा माणूस आपण चष्म्यात बदल केला असं कधी म्हणतो का?

शेवटी मेस्त्रीची नजर नळी आणि इंजिन यांच्या मधे बसवलेल्या डबीकडे गेली. तिच्यात एक जाळीची गाळणी असते, तळ्यातल्या काड्या आणि गोगलगायी अडवणारी.

“गाळणी साफ आहे ना?” मेस्त्रीने विचारलं.

काकांनी पाना खाली ठेवला. रेल्वेवाले आजोबा बाकावरून अर्धे उठले.

“मेस्त्री,” बाबा अगदी शांतपणे म्हणाले, “तुमच्या घरी नळ आहे?”

“आहे की.”

“त्यातून कधी गोगलगाय आली?”

“नाही बुवा.”

“मग गाळणीचं मला विचारू नका.”

मेस्त्रीने दोन्ही स्क्रू तोंडातून काढून माफी मागितली. अशा रीतीने इमारतीतल्या अकरा माणसांनी आणि एका मेस्त्रीने मिळून त्या बोटीचा प्रत्येक भाग उघडून पाहिला, एक गाळणी सोडून. तो साहेबांचा प्रांत होता. तो ते स्वतः जातीने सांभाळत. रोज संध्याकाळी गाळणी काढत, जाळी ब्रशने घासत, तिच्यातलं पांढरं फडकं साबण लावून चोळत, अंगणातल्या दोरीवर वाळत घालत आणि सकाळी घडी घालून परत बसवत. फडक्यावर धरलेला हिरवा गाळ ते धुण्याआधी, घडी न मोडता, आईला दाखवायला आणत. “बघ, हे सगळं त्या बिचाऱ्या इंजिनाच्या पोटात गेलं असतं,” असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर बाळाला लस टोचून आणलेल्या बापाचं समाधान असे. आई म्हणे, हो का, आणि पुढची भाकरी थापल्यासारखं पुढच्या कामाला लागे.

गुरुवारी संध्याकाळी बाबांनी चहा केला. भोंग्याने बघितलं, त्यांनी ओट्यावर दोनच कप मांडले होते. मग काहीतरी आठवल्यासारखं करून तिसरा मांडला. ते सराव करत होते. ते बघवेना म्हणून ती बोळात गेली, तर तिथे गुडघ्याला बॅग लागली.

“आई, हिच्यात काय आहे?”

“कपडे,” आई आतून म्हणाली.

“किती दिवसांचे?”

“लागतील तेवढे.”

एकोणीस वर्षं रुग्णांच्या नातेवाइकांना उत्तरं देऊन देऊन आई अशी बोलायला शिकली होती. त्यातून काहीही कळत नसे आणि वर आपण जास्त विचारलं असं वाटे. भोंगा त्या रात्री उताणी पडून मनातल्या मनात पंधरापर्यंत मोजत राहिली. तिला दर वेळी सहावर अडखळायला होई.

शुक्रवारी अकराला तपासनीस बाई धक्क्यावर हजर होत्या. गळ्यात हवं तेव्हा थांबवता येणारं घड्याळ, काखेत स्वतःची उशी, हातात तीन कोरे फॉर्म. फॉर्म त्यांनी आधीच आठव्या रकान्यावर दुमडून आणले होते, आणि हे बाबांच्या नजरेतून सुटलं नाही. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. अंगठ्याला पट्टी होती. आई सकाळीच ‘जरा जाऊन येते’ एवढंच सांगून बाहेर पडली होती, आणि बोळातली बॅग जागेवर नव्हती. ही गोष्ट दोघांनाही दिसली होती आणि दोघांनीही एकमेकांना सांगितली नव्हती.

बोट सुटली. पहिलं मिनिट सत्तर. दुसरं सत्तर. बाई काटेकोर होत्या पण दुष्ट नव्हत्या. ऊन लागलं तेव्हा त्यांनी पिशवीतून बाटली काढली, दोन घोट घेतले आणि बाबांकडे बघून म्हणाल्या, “हे तुमचंच पाणी, साहेब. मी बाहेरचं पीत नाही.”

आता कुणी बाबांच्या पाण्याची स्तुती करावी आणि बाबांनी गप्प बसावं हे शक्यच नव्हतं, मग जहाज बुडत का असेना. ते मान वळवून सांगू लागले. वाळूचे तीन थर असतात. वरचा बारीक, मधला मध्यम, खालचा जाड. तळ्याचं पाणी म्हणजे नुसता बारीक गाळ, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही इतका बारीक. भोंगा तिकडे ओरडत होती, चौथं मिनिट, एकोणऐंशी. बाबा रंगात आले होते. “लोकांना वाटतं गाळणी बसवली की झालं. तसं नसतं, बाई. गाळणी जितकी चांगली, तितकी ती लवकर तुंबते. आमच्याकडे दर काही तासांनी उलटं पाणी सोडून धुवावी लागते, नाहीतर पाणी पुढे सरकतच नाही.”

भोंग्याने काट्यावरून मान वर केली.

तिने बोटीखालच्या हिरव्या पाण्याकडे बघितलं. मग तिला अंगणातला नळ आठवला. अंगणातल्या नळाचं पाणी स्वच्छ होतं, कारण ते बाबांचं पाणी होतं, तीन थरांतून गाळून आलेलं. त्यात फडक्याला धरायला काही नव्हतंच. म्हणून तिथे चाळीस मिनिटं आणि इथे सहा. मग तिला दोरी आठवली, दोरीवरचं फडकं, फडक्यावरचा गाळ, गाळाकडे कौतुकाने बघणारा एक चेहरा. हे सगळं एका क्षणात झालं, आणि त्यानंतर जे झालं ते त्या मुलीच्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं. ती हळू बोलली.

“बाबा,” ती म्हणाली. “फडकं.”

तिचा आवाज इतका बारीक आला की बाबा बोलता बोलता थांबले. त्यांना वाटलं मुलीला बरं नाही. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग डबीकडे, आणि स्वतःचंच शेवटचं वाक्य त्यांना कुठूनतरी परत ऐकू आलं असावं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग वरून खाली उतरत गेला. अठ्ठ्याऐंशी, भोंगा पुटपुटली. घंटा किंचाळायच्या आत बाबांनी स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं.

बदकं सरकली.

तपासनीस बाईंनी घड्याळ थांबवलं आणि दुमडलेले तीन फॉर्म पुढे केले. कारण माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. दहा मिनिटं आहेत.

बाबा पेन धरून बसले. समोर तीन रकाने होते आणि प्रत्येकाखाली अर्जदाराचं नाव, सही आणि हुद्दा लिहायची जागा होती. ‘अज्ञात’ लिहिलं असतं तर ते सन्मानाने हरले असते. कारण लिहिलं तर तळ्याच्या कार्यालयात, शिक्का मारून, कायमचं नोंदलं जाणार होतं की ज्या माणसाने सव्वीस वर्षं शहराचं पाणी गाळलं त्याने स्वतःच्या बोटीचं इंजिन गाळून गाळून गुदमरवलं. हे कागद कारकून वाचणार. कारकुनाचा भाऊ पाणीपुरवठ्यात होता. सोमवारी चहाच्या वेळेपर्यंत हे वाळूच्या तिन्ही थरांना कळलं असतं.

“बाबा, मी लिहिते,” भोंगा म्हणाली. “मी घातलं असं लिहा. मला काय, मी नववीत आहे.”

बाबांनी तिच्याकडे बघितलं. एवढं ओरडणारी मुलगी, आणि बापाची लाज झाकायला इतकी हळू बोलत होती.

“गाळणी माझी आहे,” ते म्हणाले.

आणि त्यांनी लिहिलं. ‘अर्जदाराने इंजिनाच्या गाळणीत स्वतः चौपदरी कापड बसविल्यामुळे पाणी अडले.’ खाली पूर्ण नाव, सही, आणि हुद्दा: प्रमुख, जलशुद्धीकरण केंद्र. मग दुसऱ्या प्रतीवर पुन्हा. मग तिसऱ्या प्रतीवर पुन्हा. कार्बन का चालत नाही हे त्यांना त्या दिवशी कळलं. एकदाच लिहिलं असतं तर माणूस विसरला असता.

बाईंनी वाचलं. दोनदा वाचलं. “चौपदरी?” त्यांनी विचारलं.

“चौपदरी.”

बाईंनी आपल्या हातातल्या बाटलीकडे बघितलं, आणि तिला टोपण लावताना त्यांचे ओठ जरासे हलले. पण त्या सरकारी बोटीत नव्हत्या तरी सरकारी कामावर होत्या, म्हणून हसल्या नाहीत. सात मिनिटं राहिलीत, एवढंच म्हणाल्या.

बाबांनी डबी उघडली. फडकं बाहेर आलं ते फडकं राहिलंच नव्हतं, शेवाळाची जाड पोळी झाली होती. भोंग्याने ते तळ्यात खळबळून काढलं आणि वर धरलं, तर कोपऱ्यात एक खिसा होता, खिशावर शाईचा जुना निळा डाग. म्हणजे आईचा हरवलेला एप्रन. तो आई महिनाभर शोधत होती. बाबांनी दुसरीकडे बघायला सुरुवात केली.

नुसती जाळी बसवून बोट पुन्हा सुटली. घड्याळ पुन्हा पहिल्या मिनिटापासून. सत्तर, भोंगा म्हणाली. सत्तर. सत्तर. चौथ्याला सत्तर. पाचव्याला तिने काटा दोनदा बघितला, सत्तर. सहाव्या मिनिटाला बोटीत कुणी श्वास घेतला नाही, तपासनीस बाईंनीसुद्धा नाही, आणि त्यांना तसा काही नियम नव्हता. भोंग्याने काट्यावर टिचकी मारून बघितली. मग तिला तिचा आवाज परत सापडला.

“सत्तर!”

लव्हाळ्यातून दोन्ही बदकं उडाली. त्यानंतर प्रत्येक सत्तर आधीच्यापेक्षा मोठा होता. पलीकडच्या काठावर रुग्णालयाची एक खिडकी उघडली. अलीकडच्या काठावर धक्क्यावर कुणीतरी उठून उभं राहिलं.

पंधरा मिनिटं झाली तेव्हा बोट धक्क्याकडे वळली होती, आणि ते कुणीतरी आई आहे हे दिसायला लागलं. तिच्या पायाशी निळी बॅग होती. बाबांच्या हातातल्या सुकाणूने एक हिसका खाल्ला. धक्क्याच्या मागेच तळ्याला वळसा घालणाऱ्या बसचा थांबा होता.

बोट लागली. भोंगा फडक्यासकट उतरली, तपासनीस बाई उशीसकट उतरल्या, परवान्यावर शिक्का मारून तो त्यांनी बाबांना दिला, आणि बाबांनी तो बोटीत उभं राहून, शक्य तितक्या सन्मानाने, आईला द्यायचं ठरवलं. त्यांनी पट्टी बांधलेला पाय धक्क्यावर ठेवला. दुसरा बोटीतच होता. बोट कुणी बांधलेली नव्हती, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने बांधली. दोन पायांमधलं अंतर आधी थोडं वाढलं, मग बरंच वाढलं, आणि एका ठरावीक रुंदीनंतर माणसाचा सन्मान कामाला येत नाही. बाबा गेले. पाणी कमरेएवढंच होतं, पण ते बसूनच गेले होते. वर फक्त परवाना धरलेला हात होता, कोरडा.

“अगं,” डोकं वर आल्यावर ते म्हणाले, “झालं. पंधरा मिनिटं.”

“माहीत आहे,” आई म्हणाली. “सहाव्यापासूनचे दहाही सत्तर मोजले मी इथे बसून.”

तिने वाकून बॅग उघडली. आत वर टॉवेल होता. टॉवेलखाली बाबांची विजार, शर्ट, बनियन, जुना चष्मा. मग भोंग्याच्या कपड्यांचा एक जोड, कोरडे मोजे, जखमेला लावायचं मलम, पट्ट्या. आईचं स्वतःचं एकही कापड नव्हतं.

बाबा पाण्यात उभे राहून बघत राहिले. “ही बॅग... ही तू कधी भरलीस?”

“बोट आणलीत त्या दिवशीच. तुम्ही बोट चालवणार म्हटल्यावर कुणीतरी भिजणार नव्हतं का?”

भोंगा टॉवेल घेत होती तेव्हा तिला तळाशी एक कागद लागला. खोलीचा अर्ज. आईच्या अक्षरात सगळा भरलेला, फक्त तारीख नव्हती. भोंग्याने आईकडे बघितलं. आईने खांदे उडवले. ती परिचारिका होती. ती दोन्ही तयारीत असे. तिने तो कागद भोंग्याच्या हातातून घेतला, चौपदरी घडी घातली आणि बाबांच्या चष्म्याच्या काचा त्याने पुसायला लागली. मग तिची नजर भोंग्याच्या दुसऱ्या हातातल्या ओल्या, हिरव्या फडक्याकडे गेली, आणि फडक्याच्या कोपऱ्यातल्या खिशाकडे.

“अहो,” आई म्हणाली.

बाबांना पाण्यातून बाहेर यायची एकदम गरज वाटेनाशी झाली.

सोमवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी बोट सुटली आणि आठव्या मिनिटाला पलीकडच्या काठाला लागली. आता ती रोज तशीच लागते. काटा सत्तरवर असतो, निळी बॅग मागच्या बाकाखाली असते, आणि तळ्याच्या कार्यालयात आठव्या रकान्याची नक्कल नव्या अर्जदारांना नमुना म्हणून दाखवतात, असं कारकुनाचा भाऊ सांगतो. बाबा ते ऐकून घेतात. त्यांना त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होतो. बोट सुरू झाली की नळीतून तळ्याचं ते हिरवं, गढूळ, न गाळलेलं पाणी सरळ इंजिनाच्या पोटात जाताना दिसतं, आणि इंजिन ते मजेत पितं. त्या वेळी बाबा मान फिरवून दुसऱ्या काठाकडे बघत राहतात, पोराने उघड्यावरचं खाल्लेलं दिसूनही काही न बोलणाऱ्या बापासारखे.